सकाळी साडेआठला शहरात, खोली मात्र दुपारी ३ ला: मधले तास कसे काढावेत?

गाठोडं
रात्रभराचा विमानप्रवास करून सकाळी साडेसहाला उतरणार आहोत. इमिग्रेशन आणि सामान उरकून शहरात पोचायला साडेआठ तरी होतील. हॉटेलचं चेक-इन दुपारी ३ ला. आम्ही दोघं आणि सत्तरीतल्या सासूबाई, दोन खोल्या, दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी. तिथलं घड्याळ आम्ही राहतो तिथल्यापेक्षा ७ तास पुढे आहे. खोली लवकर मिळावी म्हणून काय करता येतं? सामान कुठे ठेवावं? आणि तीनपर्यंत न झोपता तग कसा धरावा? पहिल्याच दिवशी सगळं बघून संपवायची हौस नाही.

फ्रंटडेस्क
विमानतळावरून थेट हॉटेलवर जा. ओळखपत्रं दाखवून फॉर्म भरा, डिपॉझिटसाठी कार्ड लागत असेल तर तेही तेव्हाच द्या. म्हणजे नंतर फक्त किल्ली घ्यायची उरते. मोबाइल नंबर नोंदवून 'खोली तयार झाली की मेसेज करा' असं सांगून ठेवा.

सकाळी साडेआठला तयार असलेली खोली म्हणजे बहुतेक वेळा आदल्या रात्री रिकामी राहिलेली खोली. हॉटेल काल पूर्ण भरलेलं असेल तर काउंटरवरच्या माणसाची कितीही इच्छा असली तरी त्याच्याकडे द्यायला काही नसतं. बाकीच्या खोल्या पाहुणे ११-१२ पर्यंत सोडतात, मग सफाई, चादरी, शेवटी सुपरवायझरची तपासणी. तपासणी झाल्याशिवाय संगणकावर खोली 'तयार' दिसत नाही. त्यामुळे साडेआठला जमलं नाही तर पुढची खरी संधी साडेबारा-एकच्या सुमारास. तेव्हा स्वतःहून एक फोन करा.

वरचा मजला, लागून खोल्या, वेगळे पलंग अशा अटी घालाल तितकं थांबणं वाढतं, कारण मग ठरावीक खोलीच रिकामी व्हावी लागते. 'दोन्हींपैकी एक खोली आधी मिळाली तरी चालेल, सोबत ज्येष्ठ व्यक्ती आहे' एवढंच सांगा. दोन खोल्या एकदम मिळणं अवघड, एक मिळणं त्यामानाने सोपं.

हमखास हवी असेल तर आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग करा. म्हणजे १२ तारखेला सकाळी पोचणार असाल तर ११ पासून. आणि '१२ ला सकाळी ८:३० ला येतोय' हे हॉटेलला थेट, लेखी कळवा. बुकिंगच्या वेबसाइटवर टाकलेली सूचना काउंटरपर्यंत पोचेलच असं नाही. कळवलं नाही तर रात्रीचे हिशेब बंद करताना तुमच्या नावापुढे नो-शो, म्हणजे 'पाहुणे आलेच नाहीत' असा शेरा लागतो, आणि काही ठिकाणी त्यासोबत पुढच्या रात्रीही रद्द होतात.

पायपीट
सामान हॉटेलवरच ठेवा. चेक-इनच्या आधीही बहुतेक हॉटेलं ते ठेवून घेतात. प्रत्येक बॅगेचा वेगळा टॅग मागा. पासपोर्ट, औषधं, पैसे, लॅपटॉप, पॉवर बँक मात्र स्वतःजवळ. सासूबाईंची दुपारची गोळी मोठ्या बॅगेत राहिली तर परत येऊन ती बॅग सामानाच्या खोलीतून शोधून काढावी लागेल.

घरून निघतानाच छोट्या बॅगेत सगळ्यात वर प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड, मोजे, टूथब्रश आणि छोटा टॉवेल ठेवा. लॉबीत मोठी बॅग उघडून बसणं टळतं. हॉटेलला जिम किंवा पोहण्याचा तलाव असेल तर तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत अंघोळ करू देतील का, हे काउंटरवर विचारा. न विचारता कुणी आपणहून सुचवत नाही. विमानतळावरची अंघोळीची सोय वापरायची असेल तर ती आगमनाच्या बाजूला आहे का ते आधी बघा. प्रस्थानाच्या बाजूच्या लाउंजमध्ये इमिग्रेशन ओलांडल्यावर परत जाता येत नाही.

स्टेशनवरचा लॉकर हा दुसरा पर्याय. हॉटेलऐवजी काउंटर नसलेला, कोड टाकून उघडायचा फ्लॅट घेतला असेल तर तोच पहिला. बॅग चाकं आणि मुठीसकट मोजा, कारण सगळ्यात मोठे लॉकर थोडे असतात आणि तेच आधी भरतात. बंद व्हायची वेळ आणि पैसे नाण्यांनी की कार्डाने, हे बघून घ्या. लॉकरचा क्रमांक, कोड आणि जवळच्या दरवाजाची पाटी यांचे फोटो काढा. मोठ्या स्टेशनात लॉकरच्या चार-चार रांगा सारख्याच दिसतात. संग्रहालयाच्या क्लोकरूमवर विसंबू नका, अनेक ठिकाणी सुटकेस घेत नाहीत.

रात्रपाळी
'उतरल्याबरोबर उन्हात जा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण पूर्वेला ७ तास गेल्यावर तो सकाळी उलटा पडू शकतो. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण २ ते ३ तास आधी सर्वांत कमी असतं. त्याआधी डोळ्यांवर पडलेला प्रखर प्रकाश शरीराचं घड्याळ मागे ढकलतो, त्यानंतरचा पुढे ओढतो. तुम्हाला ते पुढे ओढायचंय.

घरी साडेसहाला उठत असाल तर हा बिंदू पहाटे ४ च्या आसपास, म्हणजे तिथल्या घड्याळात ११. सासूबाई पाचला उठत असतील तर त्यांचा साडेनऊ. म्हणून ११ पर्यंत न्याहारी, लॉबी, ग्रंथालय, संग्रहालय असं छताखाली काढा, बाहेर पडाल तेव्हा गॉगल लावा. ११ नंतर बाग, नदीकाठ, मोकळी जागा. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा प्रकाश घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, तेवढा पुरतो.

संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार आधी तपासा, बऱ्याच शहरांत तो सोमवार असतो.

गाठोडं
हे माहीतच नव्हतं, धन्यवाद! सासूबाईंना बाकावर डुलकी लागली तर उठवायचं का? आणि त्यांना फार चालवत नाही.

रात्रपाळी
२० ते ३० मिनिटं झोपू द्या, गजर लावून. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही बिघडते. खोली मिळाल्यावरही हाच नियम, पडदे उघडे ठेवून. चहा-कॉफी दुपारी दोनपर्यंतच, तिचा अंमल ५-६ तासांनीही निम्मा उरतो.

पायपीट
चालवत नसेल तर ११ नंतर हॉटेलजवळून सुटणारी, फिरून तिथेच येणारी बस किंवा ट्राम बघा. खिडकीशी बसून शहराचा अंदाज येतो. दिवसाचा पास घेताना तो २४ तासांचा आहे की मध्यरात्री संपणारा, हे वाचा. हॉटेलपासून अर्ध्या तासापेक्षा लांब जाऊ नका, खोली दीडलाच तयार झाली तर लगेच परतता यायला हवं. आणि त्या दिवशी ठरावीक वेळेचं तिकीट काढू नका. विमानाला दोन तास उशीर झाला तर ते वाया जातं.