मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर वायफाय फक्त राउटरला चिकटून बसलं तरच चालतंय

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी, लिनक्समधलं कळणारं कुणी असेल तर प्लीज हा धागा बघा, दहा दिवस झाले या वायफायने अगदी रडकुंडीला आणलंय.

लॅपटॉप २०१५ चा आहे, आय३, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर बसतच नाही. लेक यंदा अकरावीला आहे, नवा लॅपटॉप घ्यायची आत्ता ऐपत नाही, म्हणून भावाने एसएसडी टाकून दिली आणि मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी सिस्टीम (एक्सएफसीई, म्हणजे हलकी आवृत्ती) घातली. आणि खरं सांगते, मशीन इतकं छान पळायला लागलंय की लेक पण खूष, मराठी टायपिंग पण पहिल्याच दिवशी जमलं.

फक्त वायफाय! राउटर ओटीवर आहे. तिथे टेबलाशी बसलं तर चालतं. कालच लॅपटॉप हातावर घेऊन चालून बघितलं, राउटरपासून दोन हातांवर तीन दांड्या, माजघराच्या उंबऱ्यात एक, आणि मागच्या पडवीत, जिथे लेकीचं अभ्यासाचं टेबल आहे, तिथे नेटवर्कचं नावच यादीतून गायब. आमचं घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंती आहेत, म्हणून आधी वाटलं भिंतीच आड येत असतील, पण त्याच टेबलावर फोन ठेवला तर व्हिडिओ न अडकता चालतो आणि हाच लॅपटॉप विंडोजवर होता तेव्हा त्याच पडवीत सगळं सुरळीत होतं.

अजून एक, राउटरची दोन नावं दिसतात फोनवर, त्यातलं ५जी लिहिलेलं लॅपटॉपला कधीच दिसत नाही.

इथे दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला लिनक्सवर वायफायचं हे असंच असतं, परत विंडोज टाका नाहीतर कार्ड बदला. मला दोन्ही करायचं नाहीये. मग एका व्हिडिओत बघून कुठूनतरी ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) कोड उतरवला, मेक आणि मेक इन्स्टॉल या कमांडांनी तो बनवून घातला, तर आता वायफाय मुळात सुरूच होत नाही, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं काहीतरी येतं. आत्ता हे फोनवरून लिहितेय. काय करू?

सुतारपक्षी

ताई, घाबरू नका, यात कायमचं काही बिघडलेलं नाहीये. आधी नेटची सोय करा, फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंट आपोआप ओळखतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एलएसपीसीआय ही कमांड चालवा आणि नेटवर्क कंट्रोलर लिहिलेली ओळ इथे टाका. कार्ड कुठलं ते कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी करू नका.

आणि तो जो एरर आहे तो सिक्युअर बूट या सुरक्षा सोयीचा. ते चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेत नाही. तुम्ही घरी बनवलेल्या ड्रायव्हरवर सही नाही, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं.

वाशिष्ठी

टेदरिंग लगेच झालं, जिवात जीव आला. ओळीत रिअलटेक, आरटीएल ८७२३ बीई, पीसीआयई असं आहे.

सुतारपक्षी

मला तेच वाटलं होतं! ५जी वालं न दिसण्याचं उत्तर आधी देतो, ते नाव राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ लहरींचं आहे आणि हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्यामुळे ते कधीच दिसणार नाही, त्यात दोष काही नाही, तो विषय सोडून द्या.

आता मूळ दुखणं. या कार्डाचा ड्रायव्हर २०१४ पासून कर्नलमध्येच आहे, बाहेरून काही आणायची गरज नाही. गडबड अँटेनाची आहे. कार्डावर अँटेनाची वायर खोचायला दोन छोट्या गोल जागा असतात, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायर एकच दिलेली असते. ती कुठल्या जागेत खोचलीय हे चिपच्या आतल्या मेमरीत नोंदवलेलं असतं, आणि काही मशीनमध्ये ही नोंदच चुकीची झालीय. म्हणजे वायर एका जागी आणि ड्रायव्हर कान लावून बसलाय दुसऱ्या रिकाम्या जागी. म्हणून राउटरच्या अगदी जवळ थोडंफार ऐकू येतं आणि उंबऱ्यापलीकडे ठार बहिरं. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे.

आधी घातलेला ड्रायव्हर बाजूला करू. अपडेट मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे, तिथून यादीतलं ६.८ मालिकेतलं वेगळं कर्नल घाला आणि रीस्टार्ट करा. नव्या कर्नलचे ड्रायव्हर त्याच्याबरोबर स्वतंत्र येतात, सही केलेले, तुमचं मेक इन्स्टॉल तिथे पोचलेलं नाही. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

मग दोन कमांडा, उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका. सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवणं, पासवर्ड विचारेल. पहिली: सुडो मोडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई. याने ड्रायव्हर उतरतो, वायफाय जाईल, जाऊ दे. दुसरी: सुडो मोडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. २ ने नाही झालं तर पहिली परत चालवून १ टाकून बघा. या दोन्हीपैकी एक बहुधा लागू पडतो. आणि हे फक्त रीस्टार्टपर्यंतच टिकतं, त्यामुळे बिनधास्त करा.

दिवेलागण

माझ्याकडे पण हेच कार्ड होतं, २ नेच चाललं. ताई, दांड्यांवर जाऊ नका, टर्मिनलमध्ये आयडब्ल्यू डेव्ह, मग मिंटने वायफाय कार्डाला दिलेलं नाव (राउटरचं नाही), मग लिंक असं टाकलं की सिग्नलचा आकडा उणे मध्ये दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ८५ च्या पुढे म्हणजे गेलंच. आधी आणि नंतर दोन्ही लिहून ठेवा.

आणि एक सांगावंसं वाटतं. रिअलटेक या तुमच्या कार्डाच्या कंपनीचे लिनक्सचे ड्रायव्हर लॅरी फिंगर नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या वेळात सांभाळले, कुणी नवखा अडला तर ते स्वतः उत्तरं द्यायचे. जून २०२४ मध्ये ते गेले, ८४ वर्षांचे होते. आपल्यासारख्यांचे जुने लॅपटॉप चालतायत त्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे.

वाशिष्ठी

झालं!!! मंडळी, झालं!

नवं कर्नल घातलं, रीस्टार्ट केल्यावर वायफाय परत आलं, आधीसारखंच अशक्त. दिवेलागण, तुम्ही सांगितलं तसं आकडे लिहिले, राउटरजवळ उणे ६१, उंबऱ्यात उणे ८४. मग दोन्ही कमांडा टाकल्या, आणि यादीत एकदम शेजारच्या तीन घरांची नेटवर्कं दिसायला लागली, जी या लॅपटॉपवर मिंट घातल्यापासून एकदाही दिसली नव्हती. राउटरजवळ उणे ३९, आणि पडवीत, लेकीच्या टेबलावर, उणे ६३! लेक मागून ओरडली, आई इथे आलं इथे आलं. लॅरी फिंगर यांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं, रात्री लेकीलाही सांगितलं.

पण रीस्टार्ट केलं की जातं, आता हे कायमचं कसं करायचं? आणि झाकण बंद करून उघडलं की कधीकधी वायफाय जोडलेलं दिसतं पण पान उघडत नाही, त्याचं काय?

सुतारपक्षी

व्वा ताई, मस्त! कायमचं करायला /ईटीसी/मोडप्रोब.डी या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल बनवायची, नाव आरटीएल८७२३बीई.कॉन्फ. तिथे लिहायला सुडो लागेल. फाइलमध्ये एकच ओळ: ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२ एफडब्ल्यूएलपीएस=०. शेवटचा शब्द तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी, त्याने कार्डाची झोपायची सवय कमी होते. कर्नल अपडेट झालं तरी ही फाइल तशीच राहते, परत करावं लागत नाही.

तरीही पान अडकत असेल तर /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मध्ये वायफाय पॉवरसेव्हची (वीज वाचवायची) फाइल आहे, त्यात ३ (चालू) आहे तिथे २ (बंद) करा. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण ही फाइल आधी नका बदलू, आधी वरचं करून दोन दिवस बघा, म्हणजे कशाने बरं झालं ते कळेल.

वाशिष्ठी

फाइल बनवली, रीस्टार्ट केलं, पडवीत उणे ६४, टिकलं! झाकण चार वेळा बंद करून उघडलं, चारही वेळा पान लगेच उघडलं. पॉवरसेव्हला हात लावला नाहीये, रविवारपर्यंत लेकीच्या क्लासच्या वेळात बघते आणि इथेच लिहिते. धाग्याच्या नावात कार्डाचा नंबर टाकायचा राहिला, संपादकांनी आरटीएल ८७२३ बीई एवढं जोडलं तर पुढच्या माणसाला शोधताना सापडेल. सुतारपक्षी, दिवेलागण, तुमचे मनापासून आभार.