समांतर काळरेषा आणि बहुरूपी: असा एक भाग उभा करताना (अनुभव धागा)

विज्ञानकथेच्या मालिकांत हा भाग कधी ना कधी येतोच: इतिहासातली एक गाठ सुटते, जग जरासं वेगळं होतं आणि त्या गोंधळात कुणीतरी दुसऱ्याचा चेहरा लावून फिरू लागतं. बघायला मजा, करायला ताप. पटकथा, कॅमेरा, रंगभूषा, ध्वनी, संकलन, ज्याचा ज्यात हात बसला आहे त्याने त्यातलं नेमकं लिहावं: काय लागतं, किती लागतं, कुठे फसतं आणि का. आवडलं-नावडलं नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

शेपशिफ्टरला इथे बहुरूपीच म्हणू, शब्द आपल्याकडे तयार आहे. समान उदाहरण म्हणून 'फ्रिंज' ही अमेरिकी मालिका (२००८ ते २०१३, पाच सीझन, १०० भाग) धरू, कारण तीत दोन्ही भानगडी एकत्र आहेत. रहस्यभेद होणार, ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी इथूनच परतावं.

अनुस्वार

आधी हिशेब. समांतर विश्व आणि बदललेली काळरेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पटकथा बहुधा इथेच घसरते. समांतर विश्वात दोन्ही जगं एकाच वेळी नांदत असतात, माणूस इकडून तिकडे जाऊ शकतो. काळरेषा बदलली की जुनं जग उरतच नाही. उरलंच तर एखाद्याच्या आठवणीत. फ्रिंजच्या पहिल्या तीन सीझनमध्ये मुख्य भार पहिल्या प्रकारावर आहे. चौथ्यात त्यावर दुसरा चढवला: नायक पीटर १९८५ मध्ये लहानपणीच बुडाला, असं धरून दोन्ही विश्वं नव्याने मांडली. म्हणजे एका ऑलिव्हियाच्या (ही नायिका) चार आवृत्त्या झाल्या. त्यात बहुरूपी घुसला की प्रत्येक आवृत्ती खरी किंवा तोतया, एकूण आठ शक्यता. जाहिराती वगळून ४२-४४ मिनिटांत आठ शक्यता कुणी डोक्यात वागवत नाही. म्हणून पाच-सहा शक्यता पहिल्या दहा पानांतच बाद करून टाकायच्या. 'ही इथलीच आहे' हे एका ओळीत, निःसंदिग्ध सांगितलं तरी रहस्याचं काही बिघडत नाही.

मग जाणीव-तक्ता. आडव्या ओळी प्रसंगांच्या, उभे रकाने पात्रांचे, शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. प्रत्येक घरात एकच नोंद: याला आत्ता काय माहीत आहे. तोतयाला मात्र दोन रकाने द्यायचे, त्याला खरोखर काय माहीत आहे आणि ज्याचा चेहरा घेतला त्याला काय माहीत असायला हवं. या दोहोंतली फट म्हणजेच भागाचं इंधन. सगळ्यात जास्त आढळणारी चूक अशी की चेहऱ्यासोबत आठवणीही आल्यासारखं तोतया बोलतो, आणि मग तो पकडला जायला कारणच उरत नाही.

प्रेक्षकाचा रकाना इतरांच्या पुढे ठेवायचा की मागे, हे आधी ठरवावं. फ्रिंजच्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात (१७ सप्टेंबर २००९) ऑलिव्हियाचा सहकारी चार्ली याची जागा बहुरूपी घेतो. प्रेक्षकाला ते कळतं, सहकाऱ्यांना नाही. चौथ्या भागापर्यंत ताण त्यावरच चालतो. धक्का द्यायचा तर उलट करावं, पण धक्का एकदाच वापरता येतो.

आणि रूप घ्यायला किंमत हवी. फ्रिंजमध्ये तीन टोकांचं एक यंत्र बळीच्या तोंडात, टाळूला खुपसावं लागतं, मगच चेहरा मिळतो. म्हणजे बळी हाताशी हवा, यंत्र हवं, एकांत हवा. हे नसेल तर 'मग तो सरळ साहेबाचंच रूप का घेत नाही?' हा प्रश्न पाचव्या मिनिटाला उभा राहतो.

पाटीवाला

कंटिन्युइटीबद्दल, म्हणजे शॉट-शॉटमधला मेळ. काळरेषेप्रमाणे पटकथेची पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. करू नका. पानांचे रंग आधीच दुरुस्तीच्या फेऱ्यांना बांधलेले असतात: पांढरा, निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा. दुसरी दुरुस्ती आली की गुलाबी पान म्हणजे 'ते जग' की 'नवी दुरुस्ती', हे सेटवर कुणालाच सांगता येत नाही.

त्याऐवजी प्रसंगाच्या शीर्षओळीतच कोड घालावा: अ-दि२ म्हणजे पहिल्या काळरेषेतला दुसरा दिवस, ब-रा१ म्हणजे दुसरीतली पहिली रात्र. पात्रालाही शेपटी जोडावी, ख (खरा) किंवा तो (तोतया). हाच कोड कपड्यांच्या टॅगवर, प्रॉप्सच्या खोक्यावर, फोटोंच्या फोल्डरवर आणि क्लिपच्या नावात. चित्रीकरण लोकेशनप्रमाणे होतं, कथेप्रमाणे नाही; सकाळी ब-दि४ आणि जेवणानंतर अ-दि१ असं सर्रास चालतं. कोड एकाच ठिकाणी चुकला तरी चुकीचं घड्याळ बरोबर मनगटावर जातं.

भिंतीवरच्या कॅलेंडरला फार जण हसण्यावारी नेतात. १९८५ चं कॅलेंडर १९९१, २००२, २०१३ आणि २०१९ या वर्षांशी वारांसकट जुळतं. सण आणि तिथी नाही जुळत, तेवढ्या झाकाव्या.

खटका

एकच नट समोरासमोर दोनदा. मोशन कंट्रोल असेल तर उत्तमच. टेक्नोडॉलीसारखी क्रेन तीच हालचाल हुबेहूब परत करते. 'ऑरफन ब्लॅक' या मालिकेत क्लोनचे प्रसंग तिच्यावरच उभे होते. नसेल तर स्थिर कॅमेरा आणि मधोमध शिवण, म्हणजे दोनदा घेतलेल्या चौकटीचे दोन अर्धे जिथे जोडले जातात ती रेषा. जुनी युक्ती आहे, नीट केली तर आजही पकडू येत नाही.

तिपाईच्या पायांवर वाळूची पोती ठेवावी आणि पायांच्या जागा जमिनीवर टेपने आखून घ्याव्यात. लेन्स, उंची, झुकाव, अंतर, ॲपर्चर, आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स हे सगळं हाताने लावून कागदावर उतरवायचं, ऑटो काहीही नको. लेन्समधलं आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद करायला बहुतेक जण विसरतात. ते चालू राहिलं तर कॅमेरा स्थिर असूनही चौकट केसभर तरंगते आणि शिवण श्वास घेतल्यासारखी हलते.

शिवण नेहमी दाराची चौकट, पडद्याची कड, खांब अशा उभ्या रेषेवर पाडावी. संवादात जो पुढाकार घेतो त्याची बाजू आधी चित्रित करायची. निवडलेल्या टेकचा आवाज मग दुसऱ्या बाजूला कानातल्या इअरपीसवर वाजवायचा, म्हणजे विराम जुळतात. नजरेसाठी समोर त्याच उंचीचा डबल, म्हणजे नटाच्या जागी उभा राहणारा बदली माणूस. शेवटी कुणीही नसलेली कोरी चौकट, निदान २० सेकंद. ती घेतली नाही तर पुसकाम दुप्पट होतं.

बिघडतं ते बहुधा सावलीमुळे. दोन बाजूंच्या मध्ये कपडे-रंगभूषा बदलायला दीड तास गेला, तर तेवढ्यात सूर्य २२ अंशांहून जास्त सरकलेला असतो. म्हणून हा प्रसंग खोलीत, खिडक्या काळ्या करून. दुसरं, एकाची सावली शिवण ओलांडून दुसऱ्याच्या अंगावर पडत असेल तर ती तिथेच कापली जाते. डबलला जागेवर उभा ठेवून ती सावली खरीखुरी पाडून घ्यावी. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित करत असाल तर शटरचा कोन १७२.८ अंश, नाहीतर दिवे लुकलुकतात आणि दोन्ही अर्ध्यांचं लुकलुकणं वेगवेगळं दिसतं.

एका प्रसंगात दोघं एकत्र दिसणारे दोन-तीन शॉट पुरे होतात. बाकीचे खांद्यावरून, डबलची पाठ धरून.

रंगारी

फ्रिंजमधल्या बहुरूप्यांचं रक्त पाऱ्यासारखं आहे, आणि हौशी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो खऱ्या पाऱ्याचा. मुळीच नाही. त्याची वाफ विषारी असते, फटीत गेलेले थेंब निघत नाहीत, आणि ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर खरवडला गेला असेल तर पारा ते आतून पोखरतो. कॅमेरा-दिवे बसवायच्या आपल्या अर्ध्या रिग त्याच धातूच्या असतात.

चालतं ते मिथाइल सेल्युलोज, पाणी दाट करणारी पावडर. एक लिटरसाठी साधारण २५ ग्रॅम पावडर, ग्रेडप्रमाणे थोडं कमी-जास्त. एक तृतीयांश पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापवून त्यात पावडर भुरभुरत ढवळायची. गरम पाण्यात ती विरघळत नाही, नुसती पसरते, आणि तेच हवं असतं. मग उरलेलं पाणी बर्फासारखं थंड करून ओतायचं. आता ती फुगते आणि द्रव दाट होतो. पावडर थेट गार पाण्यात टाकली तर वरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या पुन्हा सुटत नाहीत. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर बुडबुडे निघून जातात. मग सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाची रुपेरी मायका पावडर १५-२० ग्रॅम. ती तळाशी बसते, दर टेकआधी हलवून घ्यावं.

मर्यादा माहीत असावी. पारा आरसा असतो, मायका फक्त चमकते. शिवाय पाऱ्याचं पृष्ठताण पाण्याच्या सहापटीहून जास्त, म्हणून त्याची गोळी होते. आपलं मिश्रण पसरून बसतं. तेव्हा थोडं वापरावं, गडद पृष्ठभागावर, बाजूला पांढरा पुठ्ठा धरून. ओघळ चालतो, डबकं चालत नाही. गोल थेंब हवेच असतील तर ते संगणकावर.

चेहऱ्यावर चिकटवायच्या सिलिकोनच्या तुकड्यांबाबत एकच सूचना: प्लॅटिनमवालं सिलिकोन गंधकयुक्त माती किंवा लेटेक्सच्या हातमोज्यांशी आलं तर जमतच नाही, तिथे चिकट राहतं. मोजे नायट्रिलचे घ्या.

शंकासुर

@रंगारी, गॅलियम? ते विषारी नाही आणि आरशासारखं चकाकतं.

रंगारी

२९.८ अंशांना वितळतं, म्हणजे तळहातावर चालेलही. पण ते काचेला आणि कातडीला चिकटून करडे डाग ठेवतं आणि ॲल्युमिनियम ठिसूळ करतं. टेबलावर एखादा क्लोजअप, कॅमेरा लांब ठेवून. अंगावर नको.

तंबोरा

जग बदललं हे कानाला सांगायचं असेल तर सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे विजेची गुणगुण. एका जगाला ५० हर्ट्झ द्या, दुसऱ्याला ६०. गुणोत्तर ६:५, म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार. ट्यूबलाइट, फ्रीज, ट्रान्सफॉर्मर, सगळं त्याच स्वरात बांधायचं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण प्रसंग बदलला की काहीतरी हललं हे जाणवतं.

मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ येतच नाही, म्हणून पट्टीतले वरचे स्वर भरावेत: २००-४०० इकडे, २४०-४८० तिकडे. गुणोत्तर तेच राहतं. पातळी संवादाच्या बरीच खाली. ऐकू आली असं कुणी म्हणालं तर जास्त झाली.

तोतयाच्या आवाजाला इफेक्ट लावू नये. त्याऐवजी आधी मूळ नटाकडून तो प्रसंग करून घेऊन रेकॉर्ड करावा, आणि तोतया साकारणाऱ्याला त्यातले श्वास नि विराम पाठ करायला द्यावेत. माणूस ओळखू येतो तो विरामांवरून.

कात्री

संकलनाच्या टेबलावर नियम असा: प्रसंग सुरू झाल्यापासून दोन सेकंदांत आपण कुठल्या जगात आहोत ते कळलं पाहिजे, आणि तेही दोन वेगळ्या खुणांनी. नुसत्या रंगावर विसंबू नये. फोनचा रात्रीचा मोड चालू असेल तर ग्रेडिंगमधला (चित्राच्या रंगसंस्कारातला) थंड-उबदार भेद वाहून जातो.

फ्रिंजने शीर्षकाचे रंग वापरले: मूळ विश्व निळं, पलीकडचं लाल, चौथ्या सीझनमधली नवी काळरेषा अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी. १९८५ च्या भागाला तर त्या दशकातल्या धाटणीचं शीर्षक होतं. पण खरी कामगिरी वस्तूंनी केली. पलीकडची स्वातंत्र्यदेवता तांब्याच्या रंगाची आहे. मूळ पुतळा १८८६ चा, पत्रा तांब्याचाच, हवेने हिरवा पडलेला. त्यामुळे एका शॉटमध्ये, पाटी न लावता, जग कळतं. एम्पायर स्टेट इमारतीला टेकणारी हवाई जहाजंही तशीच: त्या मनोऱ्यावर जहाजं बांधायची योजना खरोखर होती. हवेतून काढलेली खूण लक्षात राहत नाही, इतिहासात अर्धवट राहिलेली राहते.

खटका

एक राहिलं, चेहरा बदलतानाचा मॉर्फ. दोघांचे शॉट त्याच लेन्सने, त्याच उंचीवरून, दिवा न हलवता. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची टोकं, हनुवटी, कानांच्या पाळ्या इतक्या खुणा जुळल्या की मधला भाग सॉफ्टवेअर ओढून घेतं. केस मात्र कधीच जुळत नाहीत, धुरासारखे विरतात. मागे बांधावेत किंवा डोकं सावलीत ठेवावं. आणि चेहऱ्याचे सगळे भाग एकदम बदलू नयेत. आधी जबडा, मग नाक, डोळे सगळ्यात शेवटी, प्रत्येकात सहा-आठ फ्रेमचं अंतर.