मदत हवी आहे: प्रॉक्समॉक्सच्या व्हीएममध्ये ट्रूनॅस, लाइट गेल्यापासून पूल ऑफलाइन, फोर्स इम्पोर्ट करू का?

मंडळी नमस्कार, नाशिकहून लिहितोय, इंदिरानगर. पोस्ट लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही. आणि प्लीज आज रात्रीच कोणी बघितलं तर फार बरं होईल, मी कालपासून मशीनला हात लावलेला नाहीये.

सेटअप असा आहे. जुना ऑफिसचा पीसी, आय फाइव्ह, ३२ जीबी रॅम. प्रॉक्समॉक्स (एकाच पीसीत अनेक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारी सिस्टिम) एनव्हीएमई एसएसडीवर आहे आणि त्यात ट्रूनॅस स्केलचं (फाइल साठवणीच्या सर्व्हरची सिस्टिम) व्हीएम, त्याला १२ जीबी दिलीये. ४ टीबीच्या २ हार्डडिस्क बोर्डावरच्याच साटा पोर्टला आहेत, त्या प्रॉक्समॉक्सच्या 'क्यूएम सेट' कमांडने एकेक करून व्हीएमला दिल्या आणि आत दोन्हींचा मिळून एक पूल (साठवणीची एकत्र जागा) केला, मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. दीड वर्ष मस्त चाललं होतं.

काल संध्याकाळी पाऊस आला आणि लाइट ये-जा करायला लागली, चार-पाच वेळा तरी गेली असेल. इन्व्हर्टर आहे घरात पण त्यावर जाताना पीसी रिस्टार्ट होतोच. शेवटी लाइट टिकली तेव्हा ट्रूनॅस उघडून बघतो तर पूल ऑफलाइन. आतल्या शेलमध्ये (कमांड टाकायची खिडकी) 'झेडपूल इम्पोर्ट' (पूल सिस्टिमला जोडायची कमांड) टाकलं तर दोन्ही डिस्क ऑनलाइन दाखवतंय, पण म्हणतंय की हा पूल शेवटी दुसऱ्या सिस्टिमने वापरला होता, आणायचाच असेल तर '-एफ' (फोर्स, म्हणजे जबरदस्तीने) लावा. दुसरी सिस्टिम कुठली, घरात एकच मशीन आहे! शोधलं तर निम्मे म्हणतात बिनधास्त लाव, निम्मे म्हणतात डेटा जाईल.

त्यात काय आहे ते सांगतो. अण्णांचा पंचवटीत फोटो स्टुडिओ होता. १९९१, २००३ आणि २०१५ अशा तीन सिंहस्थांचे त्यांनी काढलेले फोटो. २००८ च्या पुरात गोदावरीचं पाणी दुकानात शिरलं आणि खालच्या कपाटातल्या निगेटिव्ह भिजल्या, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, सोडवायला गेलं की चित्राचा थरच खरवडून निघतो. मी दोन वर्षं रात्री बसून एकेक पट्टी स्कॅन केलीये. काही पट्ट्या स्कॅन केल्या त्याच दिवशी तुटल्या, म्हणजे त्यांचं आता जे काही आहे ते या पुलातच. अण्णा आता नाहीत. म्हणून विचारतोय, -एफ लावू का नको?

प्रतिसाद १
थांबा, लावू नका. आधी ट्रूनॅसचं व्हीएम बंद करा. एक आठवून सांगा, काल गडबडीत प्रॉक्समॉक्सच्या शेलमध्ये काही केलं होतं का? तिथे 'झेडपूल स्टेटस' टाका आणि पूल दिसतो का ते सांगा.

मूळ लेखक
व्हीएम बंद केलं. आणि हो, दिसतोय, तिथे पूल ऑनलाइन आहे!! आठवलं आत्ता. व्हीएमला आपोआप सुरू होण्याचं सेटिंग मी केलंच नव्हतं, त्यामुळे लाइट आल्यावर ते बंदच होतं. माझा धीर धरवेना म्हणून प्रॉक्समॉक्सवरूनच पूल इम्पोर्ट करून फोटो आहेत का बघितलं, तिथेही -एफ लावूनच झालं. फोल्डर दिसले, जीव भांड्यात पडला आणि मग तसंच व्हीएम चालू केलं. एक्स्पोर्ट (पूल त्या सिस्टिमपासून नीट सोडवणं) केलंच नाही.

प्रतिसाद १
तेच झालंय. दुसरी सिस्टिम म्हणजे तुमचं प्रॉक्समॉक्सच. प्रॉक्समॉक्सलाही झेडएफएस (हे पूल ज्यावर चालतात ती फाइल सिस्टिम) येतं आणि डिस्क अशा एकेक दिल्या की त्या व्हीएमसकट होस्टलाही (म्हणजे प्रॉक्समॉक्सला) दिसत राहतात. तुम्ही ट्रूनॅसमध्ये -एफ लावलं असतं तर एकच पूल दोन ठिकाणांहून एकाच वेळी लिहिला गेला असता, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि त्यात मिररचा काहीच उपयोग नाही, दोन्ही डिस्कवर तीच नासाडी झाली असती. काल प्रॉक्समॉक्सवर लावलंत तेव्हा व्हीएम बंद होतं म्हणून निभावलं. नुसत्या लाइट जाण्याने झेडएफएसचं सहसा काही बिघडत नाही, ते जुन्या डेटावर लिहीत नाही, नवीन जागी लिहितं, फार तर शेवटचे काही सेकंद जातात.

आता व्हीएम बंद असतानाच प्रॉक्समॉक्सवर 'झेडपूल एक्स्पोर्ट' आणि पुलाचं नाव. मग व्हीएम चालू करा, बहुतेक बूट होतानाच पूल उचलेल. नाही उचलला तर ट्रूनॅसच्या स्क्रीनवरून डिस्कनेक्ट करून परत इम्पोर्ट, फक्त तिथे डेटा डिस्ट्रॉय करायचा खण असतो तो चुकूनही टिक करू नका. आणि आल्या आल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी, बाकी सगळं नंतर. मिरर म्हणजे बॅकअप नाही भाऊ.

पुढे कायमचं करायचं तर डिस्क देऊ नका, अख्खा साटा कंट्रोलर (साटा पोर्ट चालवणारी बोर्डावरची चिप) व्हीएमला द्या. तुमचं प्रॉक्समॉक्स साटावर नाही, एनव्हीएमईवर आहे, म्हणजे जमेल. बायॉसमध्ये व्हीटी-डी (हार्डवेअर थेट व्हीएमला द्यायची सोय) चालू, व्हीएमचा मशीन टाइप क्यू-३५, रॅमचं बलूनिंग (गरजेप्रमाणे व्हीएमची रॅम कमी-जास्त करणं) बंद. व्हीएम चालू असताना होस्टला डिस्क दिसणारच नाहीत, शिवाय ट्रूनॅसला डिस्कचं स्मार्ट रीडिंग (डिस्कच्या तब्येतीची माहिती) थेट मिळेल, आत्ता ते मिळत नसणार. फक्त होस्ट बूट होतानाच कंट्रोलर व्हीएफआयओला (तो व्हीएमसाठी राखून ठेवणारा ड्रायव्हर) बांधून ठेवा, नाहीतर व्हीएम सुरू व्हायच्या आधी तेवढ्या वेळात होस्ट परत डिस्क धरू शकतो.

प्रतिसाद २
इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. आमच्याकडे सिडकोत ते नॉर्मलवर होतं, बदलल्यापासून पीसी रिस्टार्ट होत नाही. तरी छोटा यूपीएस घ्याच, यूएसबीने प्रॉक्समॉक्सला जोडला की एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) वापरून लाइट गेल्यावर व्हीएम नीट बंद करता येतं.

मूळ लेखक (रात्री ११:४०)
आला!! एक्स्पोर्ट पहिल्यांदा झालं नाही, पूल बिझी म्हणत होतं, माझंच एक टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उघडं राहिलं होतं. ते बंद केल्यावर झालं. व्हीएम चालू केलं आणि पूल आपोआप ऑनलाइन. २००३ चं फोल्डर उघडलं, रामकुंडावर पहाटेची गर्दी आणि कोपऱ्यात छत्री धरून उभी माझी आई, तिला उठवून दाखवला. पोर्टेबल डिस्कवर कॉपी चालू आहे, ती डिस्क बहिणीकडे सिन्नरला ठेवणार. कॉपी झाली की स्क्रब (पुलातला सगळा डेटा वाचून तपासणं) लावतो.

प्रतिसाद १ वाले भाऊ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एकच विचारायचंय, आयओएमएमयू ग्रुप (व्हीएमला एकत्रच द्यावे लागणारे हार्डवेअरचे गट) बघितले, साटा कंट्रोलर त्याच्या ग्रुपमध्ये एकटाच दिसतोय. म्हणजे तो बिनधोक देता येईल ना? स्क्रब पूर्ण होईपर्यंत मी काहीच हलवत नाही.