अतिसंवाहक संगणकाचे घोडे मेमरीपाशीच का अडते?

विश्रामबागकर, सांगली
नमस्कार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकतो. अतिसंवाहक, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर विजेला रोधच उरत नाही अशा, कड्यात एकदा सुरू झालेला प्रवाह पुरवठा तोडला तरी फिरतच राहतो आणि त्या कड्यातला चुंबकीय फ्लक्स (कड्यातून जाणारे एकूण चुंबकीय क्षेत्र) ठरावीक पुंजांतच, म्हणजे सारख्या सुट्या वाट्यांतच, असतो, असे आम्हाला शिकवले. मग पुंज असला तर ‘एक’, नसला तर ‘शून्य’, अशी मेमरी आयतीच मिळते. तरीही या संगणकांची अडचण मेमरीचीच आहे, असे वाचतो. आपली नेहमीची डीरॅम, म्हणजे साध्या संगणकातली मेमरी, तिथे का चालत नाही? आमच्या गोठ्यावर येणारे डॉक्टर कंटेनरचे झाकण उघडतात तेव्हा पांढरी वाफ सांडते आणि आतून रेतनाच्या कांड्या निघतात. त्या कंटेनरमधल्या द्रव नायट्रोजनची उणे १९६ अंशांची थंडी पुरणार नाही का?

कराडचा एक निवृत्त प्राध्यापक
आपली कल्पना बरोबर आहे आणि तशी मेमरी बनवलीही गेली आहे. अडते ते जागेपाशी. फ्लक्सचा एक पुंज सुमारे २.०७ × १०⁻¹⁵ वेबर असतो आणि कड्याचे इंडक्टन्स (ठरावीक प्रवाहाला किती फ्लक्स तयार होतो त्याचे माप) व त्यातला प्रवाह यांचा गुणाकार साधारण तेवढा भरावा लागतो. कडे लहान केले की इंडक्टन्स घटते, मग प्रवाह वाढवावा लागतो, आणि तो वाहून नेणारी जोसेफसन संधीही (दोन अतिसंवाहकांमधला अतिपातळ थराचा सांधा, या संगणकाची कळ) मोठी करावी लागते. म्हणून एक बिट साठवणारी ही पेशी काही मायक्रॉनच्या खाली सहजी येत नाही. डीरॅमची पेशी मात्र काही दशक नॅनोमीटरांत बसते. नायट्रोजनचे म्हणाल, तर ते ७७ केल्विनवर, म्हणजे त्या उणे १९६ अंशांवरच, उकळते आणि ही कडी ज्या धातूची बनवतात ते नायोबियम ९.२ केल्विनच्या खालीच अतिसंवाहक होते. त्याला ४.२ केल्विनचा द्रव हेलियमच लागतो.

साताऱ्याहून, शीतकरण यंत्रणेत काम करणारा
डीरॅमबद्दल थोडे. ट्रान्झिस्टर त्या थंडीत चालतात, उलट त्यांची गळतीही कमी होते. मात्र त्यांना सुमारे एक व्होल्ट लागतो, तर जोसेफसन संधीचा स्पंद असतो जेमतेम मिलिव्होल्टचा आणि एक-दोन पिकोसेकंदांचा. तो वाढवून देताना उष्णता होते, आणि ४.२ केल्विनवर झालेली एक वॅट उष्णता बाहेर काढायला कार्नोच्या आदर्श हिशेबानेही सत्तर वॅट लागतात, प्रत्यक्षात काहीशे. बेदाण्याच्या शीतगृहाचे वीजबिल पाहून हळहळणाऱ्यांनी हा आकडा एकदा मांडून पाहावा.

कराडचा एक निवृत्त प्राध्यापक
अगदी खरे. म्हणूनच दोन वाटा शोधल्या जात आहेत. संधीमध्येच चुंबकीय थर घालून त्याच्या दिशेत बिट साठवायचा, ही एक; पुरवठा गेला तरी दिशा टिकते, पण ती उलटवायला संधीच्या एका स्पंदापेक्षा खूपच जास्त ऊर्जा लागते. दुसरी नायोबियम नायट्राइडच्या अतिसूक्ष्म तारेची. तिथे इंडक्टन्स मुख्यतः वाहणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या जडत्वातून येते आणि तार जितकी अरुंद व पातळ तितके ते वाढते, त्यामुळे कडे आखूड ठेवूनही पुंज धरता येतो. माझा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे.

विश्रामबागकर, सांगली
सर, वहीत गणित करून पाहिले. १०० मायक्रोॲम्पिअरला सुमारे २० पिकोहेन्री लागतात. प्रवाह दहापट कमी धरला तर इंडक्टन्स २०० वर जाते; साध्या नायोबियमच्या तारेने ते गाठायचे तर कडे उलट मोठेच होईल. मी नेमके इथेच चुकत होतो.