पणजीच्या मधोमध बाग हवी की थोडं रान?

मळेकर: परवा चर्चसमोरच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये बसलो होतो. जुन्या झाडांखाली मस्त गार, पण खाली बघावं तर फरशी नि कापलेली लॉन. नाव कुणाचं, तर गार्सिया द ओर्ताचं, ज्याने इथल्या औषधी वनस्पतींवर आख्खं पुस्तक लिहून १५६३ ला गोव्यातच छापलं! माझं म्हणणं एवढंच, शहरात बाग करताय तर भिरंड (म्हणजे कोकम), सुरंगी, जांभूळ लावा, खाली पाचोळा पडूदे, जमीन उघडी ठेवा म्हणजे पावसाचं पाणी मुरेल तरी.

ताळगावची_सून: वाचायला छान आहे हो. माझे सासरे ८१ चे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पाचोळ्यात चालवू? आमच्या बिल्डिंगमागच्या प्लॉटवर जे तुमचं रान माजलंय तिथून गेल्या पावसात दोनदा घोणस निघाली, डास वेगळेच. सपाट वाट, बाकडं, दिवे एवढं द्या, पुष्कळ झालं.

मळेकर: वहिनी, वाट सपाटच राहूदे, मी वाटेच्या बाजूचं बोलतोय. आणि डेंगीचा डास टायरात नि टेरेसवरच्या ड्रमात होतो, जांभळीखाली नाही. सिंगापूरला बिशानच्या पार्कात २.७ किमीचा काँक्रीटचा नाला फोडून वळणं घेणारी नदी केली, २०१२ ला. जोराचा पाऊस आला की पाणी काठच्या गवतावर पसरतं, ओसरलं की लोक परत तिथेच. आपल्याकडे सांतिनेजचा नाला आहेच की.

नर्सरीवाला: आलं सिंगापूर! आधी त्या नाल्याकाठी नाक न धरता पाच मिनिटं उभा राहून दाखव रे, सांडपाणी बंद झाल्याशिवाय कसली वळणं. त्या मियावाकी पद्धतीच्या दाट जंगलाचं पण तेच, चौरस मीटरला तीन-चार रोपं ठोकायची, फोटो काढायचा, मग दोन-तीन वर्षं पाणी घालायला नि तण काढायला माणूस लागतो तो कुठाय? लोक माझ्याकडून रोपं नेतात आणि मे महिन्यात येऊन विचारतात सुकली कशी.

मळेकर: म्हणूनच म्हणतो, जे आपोआप जगतं तेच ठेवा. पणजीतच पाटोला खारफुटीतून ती उंच वाट केलीय ना, तिथे पाणी कोण घालतो? भरती येते, जाते. खाली चिखलात एकच मोठी नांगी हलवत बसलेले खेकडे बघितलेत का कधी?

ताळगावची_सून: बघितलेत. पोरगा तासभर हलेना तिथून. पण सासऱ्यांना घेऊन मी लॉनवरच जाणार.