मदत हवी आहे: घामाच्या चाचणीचा आकडा मधलाच आला, पुढे काय?

मुलगी 14 महिन्यांची. जन्मानंतर सिस्टिक फायब्रोसिसची (घट्ट स्रावांमुळे फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा जनुकीय आजार) तपासणी झाली नव्हती. भूक चांगली, तरी वजन वाढत नाही. शी तेलकट, फार उग्र वासाची. खोकला औषधाने तेवढ्यापुरता थांबतो. पापी घेतली की खारट लागते, म्हणून मीच चाचणीचा आग्रह धरला. घामातलं क्लोराइड 44 मिलिमोल/लिटर आलं, म्हणजे 30 ते 59 च्या संशयाच्या पट्ट्यात. घाम पुरेसा जमला होता. टीबी, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) नाही. शीतल्या इलॅस्टेजचा (स्वादुपिंडाचा पाचक रस) रिपोर्ट यायचाय. डॉक्टर थांबू म्हणतात, पण फुफ्फुसांचं नुकसान भरून येत नाही ना! जनुकीय तपासणी एकदाच परवडेल, आणि मोजकीच म्युटेशन्स (जनुकातले बदल) पाहणारं पॅनल निगेटिव्ह आलं तरी आजार नाही असं ठरत नाही. ज्यांच्या मुलांचा आकडा असाच मधे होता, त्यांनी आधी घामाची चाचणी पुन्हा केली, की थेट पूर्ण सीएफटीआर जनुकाचं (ज्यातल्या बिघाडाने हा आजार होतो) सिक्वेन्सिंग, म्हणजे अख्खं जनुक वाचणं?