ईव्ह ऑनलाइन: खनिज घरचं, जहाजं स्वतः बांधलेली, तरी तोटा कसा?

रिफ्टरवाला_नाशिक

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन गेम खेळायला लागून तीन महिने झाले. लढाईपेक्षा मला बांधण्यातच गोडी वाटते. इंडस्ट्रीच्या करिअर एजंटची (नवख्यांना शिकवणी म्हणून कामं देणाऱ्या पात्राची) कामं केली, व्हेंचर हे खाणकामाचं छोटं जहाज मिळालं, त्यावर रोज खाणकाम करतो. बाजारातून रिफ्टर या लहान लढाऊ जहाजाची ओरिजिनल ब्लूप्रिंट (बांधणीचा मूळ आराखडा) घेतली आणि आतापर्यंत 20 रिफ्टर बांधून प्रत्येकी 4 लाख 90 हजार इस्कला (गेममधलं चलन) विकली. खनिज सगळं स्वतः खणलेलं, म्हणजे 98 लाख सरळ खिशात. तरी चॅटवर एक जण म्हणाला, तू तोट्यात आहेस. का, ते त्याने सांगितलं नाही आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

दुसरं म्हणजे, एका जुन्या लेखात ब्लूप्रिंटची एमई (मटेरियल एफिशियन्सी, म्हणजे कच्च्या मालाची बचत) रिसर्च करून 50 पर्यंत न्या असं लिहिलंय. माझ्याकडे 10 च्या पुढे आकडाच जात नाही. आधी रिसर्च करू की उत्पादन चालू ठेवू? पहिली पाळी करून घरी येतो तोवर साडेचारचा रोजचा डाउनटाइम (सर्व्हर बंद ठेवण्याची वेळ) आलेला असतो, त्यामुळे खरा खेळ रात्रीचे दोन तास.

कोल्हापूर_कॉस्टिंग

भाऊ, मी फाउंड्रीत कॉस्टिंग बघते, म्हणून आधी तिथलं सांगते. कास्टिंगपासून तोडलेले रनर-रायझर (ओतकामात कास्टिंगला चिकटून राहिलेला जास्तीचा धातू) परत भट्टीत जातात. नवीन पोरं हिशेबात त्यांची किंमत शून्य धरतात, कारण माल आपलाच. आम्ही त्याला त्या दिवशीचा भंगाराचा भाव लावतो, कारण तो माल बाहेर विकला असता तर तेवढे पैसे आलेच असते. तुमच्या ट्रायटॅनियमचं, म्हणजे रिफ्टरला सगळ्यात जास्त लागणाऱ्या खनिजाचं, अगदी तेच आहे. खणलेलं खनिज फुकट नसतं.

आज रात्री एकच करा. 20 रिफ्टरना लागलेलं सगळं खनिज एका कागदावर मांडा: ट्रायटॅनियम, पायराइट, मेक्सालॉन, आयसोजेन. प्रत्येकापुढे जिटामधल्या (गेममधली सगळ्यात मोठी बाजारपेठ) खरेदीच्या ऑर्डरचा भाव लिहा, म्हणजे आत्ता विकलं तर हातात पडणारी रक्कम. ती बेरीज 98 लाखांच्या वर गेली, तर चॅटवरचा माणूस बरोबर होता. शिवाय जॉब (बांधणीचं काम) टाकतानाच कापली गेलेली फी, ब्रोकर फी आणि विक्रीकर तुम्ही धरलेलेच नाहीत.

आता एमई. 2014 च्या जुलैमध्ये क्रायस नावाचं अपडेट आलं आणि इंडस्ट्रीची सगळी पद्धत बदलली. 50, 100 हे आकडे त्याच्या आधीचे. तो लेख बाजूला ठेवा. आता दर पायरीला 1 टक्का माल वाचतो, जास्तीत जास्त 10 टक्के. वेळेची बचत म्हणजे टीई (टाइम एफिशियन्सी), ती 2-2 ने चढून 20 टक्क्यांपर्यंत जाते. रिसर्च न केलेल्या ब्लूप्रिंटवर एका रिफ्टरला 32,000 ट्रायटॅनियम लागतं, एमई 10 ला 28,800. वीस नगांवर 64,000 नुसतं ट्रायटॅनियमच वाचलं असतं. आणि ज्यांच्याशी तुमची बाजारात स्पर्धा आहे त्यांच्या ब्लूप्रिंट बहुतेक 10 वरच असतात. ते ज्या भावात चार पैसे कमावतात, त्याच भावात तुम्ही खिशातले घालता. म्हणून आधी रिसर्च, आणि त्यातही आधी एमई.

अडचण एकच. ब्लूप्रिंट लॅबमध्ये आहे तोवर तिच्यावर उत्पादन होत नाही, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुपटीहून जास्त वेळ खाते. पहिल्या काही पायऱ्या भराभर होतात. शेवटची मी दिवाळीत माहेरी जाताना टाकली होती, परत आले तेव्हा तयार. तुमच्यासारख्या नोकरीवाल्याला हे सोयीचंच आहे, कारण आपण कंपनीत असलो तरी लॅब चालू राहते आणि स्किलचं ट्रेनिंगही. मास प्रॉडक्शन हे स्किल लावून ठेवा, दर लेव्हलला एकाच वेळी चालणारा एक जॉब वाढतो. इंडस्ट्री नावाच्या स्किलने दर लेव्हलला बांधणीचा 4 टक्के वेळ कमी होतो.

हेकचा_हमाल

ताईंच्या हिशेबात एक भर. जिटाच्या आसपास जॉब टाकू नका. ज्या सिस्टिममध्ये (तारामंडलात) गर्दी जास्त, तिथे कॉस्ट इंडेक्स चढलेला असतो आणि फी जास्त कापली जाते. इंडस्ट्रीच्या खिडकीत इंडेक्स दिसतो, दोन-चार उड्या लांबची शांत सिस्टिम शोधा. रिफ्टर मिनमतार या गटाचं जहाज आहे, तेव्हा हेक आणि रेन्स या त्यांच्या भागातल्या बाजारपेठांचे भावही बघा. भाव जिटापेक्षा बरा मिळाला तर माल तिकडेच उतरवा.

आणि एका फेरीत सगळं भरू नका. हाय-सेक (जिथे गेममधले पोलीस असतात तो भाग) म्हणजे सुरक्षित असं समजून मी पातळ, लवकर फुटणाऱ्या जहाजात दोन महिन्यांची कमाई भरली आणि उएदामा या सिस्टिममध्ये दुसऱ्या खेळाडूंच्या हल्ल्यात काही सेकंदांत गेली. पोलीस येतात, पण तोवर जहाज राहत नाही. तेव्हापासून महागडा माल मी कुरिअर कॉन्ट्रॅक्टने (दुसऱ्या खेळाडूकडून) पाठवतो आणि कोलॅटरल, म्हणजे त्याच्याकडून घेतलेली अनामत, मालाच्या पूर्ण किमतीचं ठेवतो.

रिफ्टरवाला_नाशिक

बेरीज केली. 1 कोटी 4 लाख. फी वेगळीच. तीन महिने रात्र-रात्र खणून मी खनिजाची किंमत कमी करत होतो, हे बघून वाईट वाटलं, पण आता कळलं तरी. ब्लूप्रिंट लॅबमध्ये टाकली. तोवर इन्व्हेन्शनला (साध्या ब्लूप्रिंटवरून वरच्या दर्जाची ब्लूप्रिंट काढण्याला) हात घालू का? रिफ्टरवरून बनणारं वुल्फ हे जहाज बांधायचं मनात आहे.

कोल्हापूर_कॉस्टिंग

वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही बेरीज केलीत. तीन-तीन वर्षं खेळणारे करत नाहीत.

वुल्फ जरा थांबू द्या. इन्व्हेन्शनला ओरिजिनल चालत नाही, कॉपी लागते, आणि कॉपी काढायलाही ब्लूप्रिंट लॅबमध्येच गुंतते. रिफ्टरसारख्या फ्रिगेटला (लहान जहाजाला) मुळात यशाची शक्यता 30 टक्के, स्किलने थोडी वाढते. फसलं तर डेटाकोअर (इन्व्हेन्शनला लागणारा माल) गेले. जमलं तर वुल्फची एका रनची (एकच जहाज बांधता येईल अशी) कॉपी मिळते, एमई 2 ची. हिशेब करताना फसलेल्या प्रयत्नांचा खर्च जमलेल्या एका जहाजावर चढवायचा, जसा आम्ही रिजेक्ट कास्टिंगचा चांगल्या नगांवर चढवतो. आणि वुल्फमध्ये अख्खं एक रिफ्टर कच्चा माल म्हणून जातं. एमई कितीही असो, एकाचं पाऊण होत नाही. ते रिफ्टर तुम्ही बांधलेलं असलं तरी कागदावर बाजारभावानेच लिहायचं.

तोवर दारूगोळ्याची एखादी स्वस्त ब्लूप्रिंट घ्या. जहाज फुटलं तर नवीन घेतात, गोळ्या मात्र रोज संपतात. बाजाराच्या खिडकीत रोजचा खप बघून ठरवा, आणि वहीत भाव लिहाल तेव्हा शेजारी तारीख टाका.